पाठीची कळ, जड झालेले पाय आणि हातातले तास

मिरचीची तोडणी, कापसाची वेचणी सुरू झाली की धावडा परिसरात कंबर न दुखणारा माणूस सापडत नाही. उसण भरली की आपण शेकतो, चोळतो. कुणी पायाळू माणसाची लाथही खातो. बहुतेक दुखणी विश्रांतीने जातात. पण एका दुखण्यात असा वेळ घालवला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

ते म्हणजे मणक्यांच्या पोकळीत आपोआप होणारा रक्तस्राव. मार लागलेला नसतो. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरची बारीक रक्तवाहिनी फुटते आणि साकळलेले रक्त मज्जारज्जू दाबू लागते. आजार दुर्मीळ आहे. वर्षाला १० लाखांत साधारण एकाला होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि हिमोफिलियासारखा आजार असणाऱ्यांना धोका अधिक. अनेकांत मात्र कारण सापडत नाही.

ओळखायचे कसे? मानेत किंवा पाठीत अचानक जीवघेणी कळ येते. मग काही मिनिटांत किंवा तासांत हातपाय बधिर, जड होतात, लघवी अडते. रक्तस्राव मानेत असेल तर कधी एकाच बाजूचे हातपाय लुळे पडतात आणि लकवा वाटतो. तोंड मात्र वाकडे होत नाही. म्हणून मानेतली कळ डॉक्टरांना आवर्जून सांगा. लकव्यात गुठळी विरघळवण्यासाठी देतात ते इंजेक्शन इथे घातक ठरते.

निदान एमआरआयने होते. ताकद जात असेल तर मणक्याचे मागचे हाड काढून साकळलेले रक्त बाहेर काढतात. हे पहिल्या १२ तासांत झाले तर पाय सावरण्याची शक्यता जास्त. गोळ्यांमुळे रक्त पातळ झाले असेल तर त्यावर उतारा देतात. त्रास सौम्य असून ओसरत असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेविनाही भागते.

म्हणून कळीपाठोपाठ पाय जड झाले की चोळणे थांबवा आणि १०८ ला फोन करा. भोकरदन असो वा छत्रपती संभाजीनगर, एमआरआय आणि मणक्याचे सर्जन दोन्ही कुठे मिळतील हे निघतानाच विचारा. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या. खर्चाच्या धास्तीने घरी थांबू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि हे वाचून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका; त्या हृदयासाठी, मेंदूसाठी दिलेल्या असतात.