उजळणारें पाणी

कॅरिबियन समुद्रांतील प्वेर्तो रिको या बेटाच्या पूर्वेस कांहीं मैलांवर व्हिएकेस नांवाचें एक लांबोळकें बेट आहे. लांबी सुमारें २१ मैल, रुंदी जेमतेम ४ मैल. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर एस्पेरान्सा हें समुद्रकांठचें लहानसें गांव वसलें आहे. तेथून खांचखळग्यांच्या कच्च्या वाटेनें थोडें अंतर गेलें कीं मॉस्किटो नांवाची खाडी लागते. या नांवाचा अर्थ डांस. आणि तिवरांच्या त्या दलदलींत डांसांची वाण नाहीं.

दिवसां पाहिली तर या खाडींत पाहण्यासारखें कांहींच नाहीं. उथळ, हिरवट पाणी. भोंवतीं लाल तिवरांची दाट झाडी. त्या झाडांचीं कमानीसारखीं मुळें चिखलांत रोवलेलीं. आणि समुद्राकडे उघडणारें एक अरुंद तोंड. ज्यानें रत्नागिरी-मालवणकडच्या खाड्या पाहिल्या आहेत त्याला हें दृश्य परकें वाटणार नाहीं. परंतु काळोख पडल्यावर याच पाण्यांत हात घातला कीं हाताभोंवतीं निळसर तेज उसळतें. गिनेसच्या विक्रमसंग्रहांत जगांतील सर्वांत तेजस्वी खाडी म्हणून हिची नोंद झालेली आहे.

ही खाडी पाहावयाची ती वल्ह्याच्या होडींतून. तेलावर चालणाऱ्या यांत्रिक होड्यांस येथें मज्जाव आहे. दोघांनीं बसावयाच्या निमुळत्या कयाक होड्या कांठाशीं मांडून ठेवलेल्या असतात. पुढें वाटाड्या आणि त्याच्या मागें होड्यांची रांग, असा क्रम असतो. अंधारांत चुकामूक होऊं नये म्हणून होड्यांना मंद दिवे लावतात. निघण्यापूर्वीं वाटाडे प्रवाशांना बजावतात कीं, अंगाला डांसांचें औषध अथवा उन्हाचें मलम चोळलेलें नसावें, आणि हातांतली बत्ती लावूं नये. तिथीचाही विचार करावा लागतो. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री बहुतेक वाटाडे वर्ज्य मानतात. शुद्ध पक्षांत चंद्र मावळल्यावर, वद्य पक्षांत तो उगवण्यापूर्वीं, आणि सर्वांत उत्तम म्हणजे अमावास्येस, असा हा मुहूर्त. पंचांगाशीं ज्यांचा कधीं संबंध आला नाहीं अशा लोकांनाही येथें चंद्राची कला पाहूनच दिवस ठरवावा लागतो.

प्रथम कांहींच दिसत नाहीं. बाहेरच्या उजेडांतून आलेल्या डोळ्यांना अंधार पुरतेपणीं सरावण्यास अर्धा तास लागतो. मग वल्ह्याच्या टोंकाशीं धुरकट चमक दिसूं लागते. पुढें होडीच्या नाळेपासून दोन्हीं बाजूंस उजळ रेघा फांकत जातात, वल्ह्यावरून गळणारे थेंब ठिणग्यांसारखे पडतात, आणि खालीं एखादा मासा दचकून पळाला तर धूमकेतूसारखी लांब शेपटी मागें सोडून जातो. हात वर उचलला कीं मनगटावरून तेजाचे ठिपके ओघळतात व ओघळतां ओघळतांच विझतात. मध्येंच पावसाची सर आली तर सारी खाडी लाह्या फुटाव्यात तशी तडतडूं लागते. मात्र आवाज पावसाचाच असतो.

छायाचित्रांत हें पाणी जितकें गडद निळें दिसतें तितकें तें नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं, हेंही सांगून ठेवणें बरें. कॅमेऱ्याचा डोळा कित्येक सेकंद उघडा ठेवून तो प्रकाश साठविलेला असतो. चित्रें पाहून गेलेले लोक म्हणून आरंभीं थोडे हिरमुसतात. पण स्थिर चित्रांत जी गोष्ट येऊं शकत नाहीं तीच येथें मुख्य आहे: हें पाणी आपण होऊन प्रकाशत नाहीं. होडी थांबली, हात आवरला, कीं खाडी काळीठिक्कर पडते. हलविलें तरच तें उत्तर देतें.

समुद्राच्या या तेजाचा संबंध पुष्कळ काळ स्फुरदाशीं जोडला जात असे, आणि आजही कित्येक सुशिक्षित माणसें तसेंच समजतात. वास्तविक स्फुरदाच्या जळण्याशीं याचा कांहीं संबंध नाहीं. खरा उलगडा होण्यास आरंभ झाला तो एका साध्या प्रयोगानें. राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८८७ सालीं खडकांत भोंक पाडून राहणारी एक प्रकाशमान शिंपली घेतली. तिचा अर्क थंड पाण्यांत काढला तेव्हां तो कांहीं वेळ प्रकाशला व मग विझला. दुसरा अर्क ऊन पाण्यांत काढला. तो प्रकाशलाच नाहीं. परंतु विझलेला थंड अर्क आणि न पेटलेला ऊन अर्क एकत्र ओततांच मिश्रण पुन्हा उजळलें. यावरून त्यानें अनुमान काढलें कीं, येथें दोन द्रव्यें हवींत. एक खर्च होणारें, पण उष्णता सोसणारें. दुसरें खर्च न होणारें, पण उष्णतेनें नासणारें. पहिल्यास त्यानें ल्यूसिफेरिन म्हटलें व दुसऱ्यास ल्यूसिफरेज. दिव्यांत तेल असावें आणि तें पेटविणारा हात असावा, तसें हें आहे. भेद इतकाच कीं या दिव्याला आंच नाहीं. ल्यूसिफेरिनाचा प्राणवायूशीं संयोग होतो, आणि सुटलेली शक्ति उष्णतेच्या रूपानें नव्हे, तर प्रकाशाच्या रूपानें बाहेर पडते.

मॉस्किटो खाडींत हें काम करणारा जीव एकाच पेशीचा आहे. त्याचें शास्त्रीय नांव पायरोडिनियम बहामेन्स. आग आणि भोंवरा या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून पहिलें पद बनलें आहे. दुसरें बहामा बेटांवरून, कारण तेथूनच १९०६ सालीं त्याचें प्रथम वर्णन झालें. मिलिमीटरचे वीस भाग केले तर त्यांतील एका भागाएवढा हा जीव. अंगावर चिलखतासारखें कवच, आणि पोहण्यास चाबकासारखीं दोन शेपटें. ऊन खाऊन वनस्पतीप्रमाणें तो आपलें अन्न तयार करतो. एका गॅलन पाण्यांत असे सात लाखांपर्यंत जीव असतात असें सांगतात. म्हणूनच ओंजळभर पाणीही चांदण्यांनीं भरल्यासारखें दिसतें.

या पेशीच्या पोटांत प्रकाश देणाऱ्या सूक्ष्म पुड्या असतात. पाण्याच्या हिसक्यानें पेशीच्या भिंतीवर ताण पडला कीं आंत विजेची एक लहर धांवते, त्या पुड्यांतील आम्लता एकाएकीं वाढते, आणि तेलाला हात लागतो. हें सर्व होऊन एक लखकन् चमक बाहेर पडते व विझते. ती टिकते सेकंदाच्या सुमारें दहाव्या भागाइतकी. रंग निळा, आणि समुद्राच्या पाण्यांतून दूरवर जाणारा प्रकाश निळाच असतो. एकाच रात्रींत फार वेळां डिवचलें तर पेशीचा सांठा सरतो. उतावळे प्रवासी एकाच जागीं पाणी घुसळीत राहिले कीं तेथला उजेड फिका पडत जातो तो याचमुळें.

दिवसां हा खेळ बंद असतो, आणि तो केवळ उन्हांत दिसत नाहीं म्हणून नव्हे. याच कुळांतील एका भाईबंदावर हेस्टिंग्ज आणि स्वीनी या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९५० नंतरच्या दशकांत प्रयोग केले. त्यांत असें आढळलें कीं, एकसारख्या मंद उजेडांत ठेवलेल्या पेशीही बाहेरची रात्र ओळखतात आणि सुमारें चोवीस तासांच्या फेऱ्यानें त्यांचें तेज वाढतें व उतरतें. घड्याळ पेशीच्या आंतच आहे.

आतां प्रश्न असा कीं, इतक्या क्षुद्र जिवानें ही उधळपट्टी कां करावी? प्रकाश पाडण्यास द्रव्य लागतें, आणि तो पाडून शत्रूला आपला ठावठिकाणा कळविणें तर वेडेपणाच. १९४३ सालीं बर्केनरोड या प्राणिशास्त्रज्ञानें यावर एक तर्क मांडला. या पेशींना खाणारे कोपेपॉड नांवाचे बारीक कवचधारी जीव असतात. त्यांतील एखादा अंधारांत चरावयास आला व पेशीला धक्का लागला कीं ती चमकते, आणि त्या उजेडांत चोर दिसतो. कोपेपॉडाला गिळणारा मासा जवळ असेल तर तोच हा चोर पकडतो. पुढें १९९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, प्रकाशणाऱ्या पेशी असलेल्या पाण्यांत माशांना कोपेपॉड अधिक सांपडले, असें दिसून आलें. चमकणारी पेशी स्वतः वांचेलच असें नाहीं, पण तिची जात वांचते. व्हिएकेसच्या खाडींत होडीच्या नाळेपुढें जो दीपोत्सव उसळतो तो अशा रीतीनें लाखों पहारेकऱ्यांनीं एकदम मारलेली आरोळी आहे, आणि चोर म्हणून त्यांनीं प्रवाशालाच धरलेलें असतें.

पायरोडिनियम इतर उष्ण समुद्रांतही आढळतो. मग असें तेज मोजक्याच ठिकाणीं कां? याचें उत्तर पेशींत नाहीं, खाडींत आहे. तोंड अरुंद असल्यामुळें ओहोटीबरोबर फार थोडें पाणी बाहेर जातें, आणि पेशी वाढतात त्या मानानें वाहून जात नाहींत. तिवरांचीं पानें पाण्यांत पडून कुजतात व त्यांतून पोषण मिळतें. झाडांचीं मुळें गाळ धरून ठेवतात. आंत मोठी नदी येऊन पडत नाहीं, म्हणून पाण्याचा खारेपणा टिकतो. आणि शेवटची गोष्ट म्हणजे अंधार. हा अंधार राहण्यास एक विचित्र कारण झालें. १९४१ पासून अमेरिकन नौदलानें बेटाचा मोठा भाग ताब्यांत घेतला व तेथें तोफांचा आणि बाँबचा सराव चालविला. बेटावरील लोकांनीं त्याविरुद्ध दीर्घ झगडा दिला आणि २००३ सालीं तो सराव थांबला. रहिवाशांना याची जबर किंमत द्यावी लागली. तथापि मोठमोठीं हॉटेलें व त्यांचे झगझगीत दिवे या बेटावर फारसे आले नाहींत, यांत त्या दुर्दैवी कालखंडाचा वांटा असावा.

यांतील एकही गोष्ट बिघडली तर काय होतें याचे दाखले शेजारींच आहेत. प्वेर्तो रिकोच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ला पार्गेरा येथें अशीच खाडी आहे. तेथें अनेक वर्षें यांत्रिक होड्या चालत आल्या, लोक पाण्यांत पोहत राहिले, कांठावर वस्ती वाढली, आणि तेथलें तेज पूर्वीच्या मानानें फार उतरलें. पूर्वेकडील फाहार्डो येथील सरोवर २०१३ च्या नोव्हेंबरांत एकाएकीं कांहीं दिवस काळें पडलें, आणि कारणांविषयीं पुष्कळ वाद झाले. मॉस्किटो खाडींत पूर्वीं लोक खुशाल उड्या टाकीत. अंगाभोंवतीं तेजाची झूल लेऊन पोहण्याचें सुख कांहीं औरच होतें, असें तेव्हां गेलेले सांगतात. २००७ पासून तेथें पोहण्यास बंदी आहे. अंगावरच्या मलमांचा अंश पाण्यांत उतरतो, आणि रात्रीमागून रात्र शेंकडों माणसांचा तो अंश वाहून नेण्यास ते अरुंद तोंड पुरें पडत नाहीं. जें तोंड तेज सांठवितें तेंच मळही सांठवितें.

मग २० सप्टेंबर २०१७ रोजीं मारिया हें चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवर आदळलें. व्हिएकेसवरील झाडांचीं पानें ओरबाडून गेलीं, तिवरें मोडलीं, पावसाचें गोडें पाणी खाडींत लोटलें. खाडी अंधारली. विजेवांचून राहिलेल्या बेटावर सगळीकडेच काळोख होता, आणि जेथें उजेड असावयाचा तें पाणीही काळें होतें. सहली कांहीं महिने बंद राहिल्या. ज्या कुटुंबांचें पोट त्यांवर होतें त्यांना वाट पाहण्यावांचून कांहीं करतां येण्यासारखें नव्हतें. २०१८ सालीं तेज परत आलें, आणि पूर्वीपेक्षांही अधिक आलें असें वाटाड्यांनीं सांगितलें. माणसाची वर्दळ थांबल्यामुळें कीं वादळानें खाडी धुवून निघाल्यामुळें, याविषयीं निरनिराळीं मतें ऐकूं येतात.

कोंकणच्या किनाऱ्यावरील लोकांना रात्रींचें उजळतें पाणी नवें नाहीं, आणि २०२० च्या नोव्हेंबरांत तर मुंबईकरांनीं जुहूच्या लाटांवर तें पाहिलें. परंतु सर्वच तेज एका जातीचें नसतें. अरबी समुद्रांत असें तेज देणारा एक प्रमुख जीव म्हणजे नॉक्टिल्यूका. तो पायरोडिनियमपेक्षां कितीतरी मोठा, जवळजवळ साबुदाण्याच्या बारीक कणाएवढा. आणि तो दुसऱ्या जिवांना खाऊन जगतो. त्याच्या हिरव्या प्रकारांत तर पोटामध्यें सूक्ष्म शेवाळ नांदत असतें. उत्तर अरबी समुद्रांत हिंवाळ्याच्या अखेरीस याची अफाट वाढ होते. खोलांतील प्राणवायूची टंचाई पसरल्यामुळें ही वाढ होते, असें हेल्गा गोम्स, जोकिम गोएस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं मांडलें. इतर संशोधकांनीं पुढें त्यास हरकत घेतली आणि तो वाद मिटलेला नाहीं. मात्र हा जीव दाटला कीं पाण्यांत अमोनिया सांठूं शकतो व माशांस अपाय होतो. व्हिएकेसला तेज जाणें ही चिंतेची गोष्ट. येथें कित्येकदां तें येणें हीच. एकाच सुंदर दृश्याचा अर्थ दोन किनाऱ्यांवर असा निराळा लावावा लागतो, आणि चौपाटीवर निळ्या लाटा पाहून निसर्ग प्रसन्न झाल्याचा जो समज होतो त्याला आधार फारच थोडा असतो.

मॉस्किटो खाडींतून होड्या परत फिरतात तेव्हां वाटाड्या मुद्दाम तिवरांच्या सांवलींतून नेतो, कारण काळोख तेथेंच अधिक असतो. वल्हीं आतां मंद चाललेलीं असतात. बोलणें आपोआप थांबलेलें असतें. एखाद्याला आठवण म्हणून बाटली भरून घ्यावीशी वाटते. पण कोंडलेल्या पेशी दोनचार वेळां चमकून थकतात व थोड्याच अवधींत मरतात, आणि घरीं पोंचतें तें नुसतें खारें पाणी. वाटाडा त्याला बाटली खाडींतच रिकामी करावयास लावतो. ओततांना पाण्याची धार निळी दिसते.