मुंबईचा गलका, मंडईची रात

चर्चिलचं भाषण संपतं, गिटारी एकदम सुटतात आणि त्यांच्यावर मुंबईचा गलका उसळतो. आयर्न मेडन या इंग्लिश हेवी मेटल बँडचा ‘फ्लाइट ६६६’ हा लाइव्ह अल्बम असा सुरू होतो. १ फेब्रुवारी २००८ च्या रात्री वांद्रे-कुर्ला संकुलात वाजलेलं ‘एसेस हाय’ हे त्यातलं पहिलं गाणं. दौऱ्याचीही ती पहिलीच रात्र होती.

दौरा अचाट होता. माणसं, वाद्यं आणि रंगमंचाचं सामान एकाच बोइंग ७५७ मध्ये भरलेलं, आणि विमान चालवायला खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन! तो व्यावसायिक वैमानिक होता. ४५ दिवसांत २३ मैफली झाल्या. सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडन यांनी त्यावर केलेला चित्रपट २००९ मध्ये आला, सोबत अल्बमही. त्यात प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे. मुंबईनंतर मेलबर्न, मग सिडनी, मग टोकियो. बँड तोच, गाण्यागणिक बदलते ती गर्दी. ब्वेनोस आयरिसमध्ये तर ‘फिअर ऑफ द डार्क’च्या गिटारीची धूनच हजारो लोक गाऊ लागतात. त्या धुनेला शब्द नाहीत, तरी ती गळ्यातून निघते. अख्ख्या अल्बममधली ही सर्वांत सुंदर जागा.

लाइव्ह अल्बम घडतो कसा? ड्रम, गिटारी, गळा यांचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर जातात आणि नंतर जुळवले जातात. पण काही माइक लोकांकडे तोंड करून लावलेले असतात. त्यांचा आवाज फार उतरवला तर मैफल बंद खोलीतली वाटते, फार चढवला तर गाणं बुडतं. खरी कसोटी इथेच लागते.

या बाबतीत डीप पर्पलच्या ‘मेड इन जपान’ला तोड नाही. १९७२ च्या १५ आणि १६ ऑगस्टला ओसाका, १७ ला टोकियो, अशा तीन रात्रींचं हे ध्वनिमुद्रण. बँडला फारशी हौस नव्हती; आग्रह जपानी कंपनीचा होता. मागाहून डागडुजी जवळजवळ झालीच नाही, म्हणून ‘चाइल्ड इन टाइम’मधली शांतता आजही अंगावर येते. उलट थिन लिझीच्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’मध्ये स्टुडिओत किती भर घातली, यावर निर्माता आणि बँड यांचं कधी जुळलंच नाही.

लोकांच्या आवाजाशिवाय अपुरी अशी मैफल आपल्याकडेही होते. भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनीकडच्या गावांतून मंडया, म्हणजे गावजत्रा, भरू लागतात. दिवसा बाजार, पाहुणे, शिंगाडे. रात्री दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं, नाहीतर वडशाच्या नाटक कंपनीचा प्रयोग. नट मंचावर स्वतः गातात, ऑर्गन आणि तबला जागेवर वाजतो. मागून ‘वन्स मोअर’ आला की गाणं पुन्हा उभं राहतं. रात्र किती ताणायची हे लोकच ठरवतात. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी दंडारीचा आणि इथल्या झाडीबोलीचा अभ्यास ग्रंथांत आणला, हे मोठंच काम. पण कागदावर संवाद येतो. त्या संवादावर उठलेला हशा येत नाही.

आज या रात्री मोबाइलवर टिपल्या जातात. गर्दीत हात उंचावून धरलेला फोन, समोर भोंगा, त्यामुळे आवाज फाटलेला. ऑर्गन किरकिरतो, गळा भोंग्यात हरवतो, आणि ऐकू येतो तो फक्त शेजारच्या माणसाचा खोकला. हे वाईट वाटण्याजोगं आहे, कारण उपाय अवघड नाही. चार ट्रॅकचा रेकॉर्डर आता तळहातावर मावतो. दोन ट्रॅक साउंडवाल्याच्या मिक्सरमधून घ्यावेत, दोन माइकसाठी ठेवावेत. जिल्ह्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला हे एका मोसमात जमेल. प्रत्येक तालुक्यातली एक रात्र, पहिल्या गाण्यापासून पहाटेपर्यंत, न कापता. नटांची परवानगी आधी घ्यावी, नावं नोंदवावीत, प्रत कंपनीलाही द्यावी.

आणि ते दोन्ही माइक मंचाकडे पाठ करून लावावेत.