एकाच ठेक्यावर वीस वर्षे

आपल्याकडे डीजे म्हटले की मिरवणुकीत ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांपुढे येते. वस्तुतः हे नाव माणसाचे. तबकड्या निवडून, एकीतून दुसरीत नकळत जात, नाचणाऱ्यांना रात्रभर खिळवून ठेवणारा तो डीजे. 'ईडन' हा २०१४ सालचा फ्रेंच चित्रपट अशाच एका तरुणाचा आहे. दिग्दर्शिका मिया हान्सेन-लोव्ह हिने तो आपला भाऊ स्वेन याच्यासह लिहिला. स्वेन स्वतः पॅरिसमध्ये डीजे होता. नायक पॉल त्याच्यावरूनच बेतलेला आहे.

पॉल ज्या संगीतापायी वेडा होतो त्याचे नाव 'गॅरेज'. न्यूयॉर्कमध्ये मोटारी ठेवण्याच्या एका जुन्या इमारतीत 'पॅरडाइज गॅरेज' हा क्लब १९७७ ते १९८७ चालला. लॅरी लेव्हॅन तेथे तबकड्या वाजवी. त्या जागेचेच नाव संगीताला मिळाले. शिकागोच्या 'हाउस' संगीताचे हे भावंड. मिनिटाला सुमारे १२० सरळ ठोके, आणि त्यांवर चर्चमधील गायनाच्या वळणाचा मोकळा मानवी आवाज. डीजेपुढे दोन तबकड्या फिरत असतात. एक लोकांना ऐकू येते, दुसरी फक्त त्याला, हेडफोनमधून. दुसरीचा वेग कमीजास्त करून तो ठोक्यावर ठोका बसवतो आणि मग हळूच तिला आत घेतो. जुळणी फसली की नाचणाऱ्यांची पावले अडखळतात. काम यंत्राचे दिसते, पण आहे कानाचे.

कथा १९९२ ला सुरू होते आणि वीसएक वर्षे चालते. पॉलच्या ओळखीची दोन मुले एका घरगुती मेजवानीत आपले नवे गाणे लावतात. पुढे तीच जोडी 'डाफ्ट पंक' म्हणून जगभर गाजली (२०२१ मध्ये ती विसर्जित झाली). ते मुखवट्याआड राहत, म्हणून क्लबचा दारवान त्यांना ओळखत नाही, ही चित्रपटातील गंमत. पण कॅमेरा त्यांच्यामागे जात नाही. तो पॉलपाशीच राहतो, आणि मला हेच आवडले. पॉलच्या रात्री काही वर्षे भरतात. मग लोकांची आवड बदलते. त्याची बदलत नाही. प्रेयसी येतात, जातात. कोकेन वाढते, कर्जही.

वीस वर्षांत नायकाचा चेहरा फारसा बदलत नाही, हा अनेकांना दोष वाटेल. मला तो खटकला नाही. भोवतालच्या माणसांना मुलेबाळे होतात, हा मात्र तसाच दिसतो. त्यामुळे काळ अधिक बोचतो.

बोचले ते दुसरेच. पॉल साहित्याचा विद्यार्थी, अभ्यास अर्धवट सोडलेला. पैसे संपले की तो आईकडे मागतो आणि आई कुरकुरत देते. या वीस वर्षांमागे तिचा आधार आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली; साहित्य घेऊन पुढे काय, हा प्रश्न मला दर सुट्टीत ऐकावा लागतो. पॉलएवढी वर्षे चुकण्याची मुभा किती जणांना असते? चित्रपट हा प्रश्न उघड विचारत नाही, पण पैशाचा हिशेब लपवतही नाही. कलावंतांवरील चित्रपटांत इतके सहसा दिसत नाही.

शेवटी पॉल लेखनाच्या वर्गाला जाऊ लागतो. तेथील एक मुलगी त्याला अमेरिकन कवी रॉबर्ट क्रीली याचे पुस्तक देते. अखेरच्या दृश्यात तो त्यातली कविता वाचतो. तिचा विषय आहे लय.