सकोटॅश : मका आणि डबल बी
तीन बहिणी – लेखांक ३

मक्याचं ताट, त्याला धरून चढलेला घेवड्याचा वेल आणि दोघांच्या पायाशी पसरलेला भोपळा, ही हॉडेनोशोनी लोकांची मांडणी मागच्या आठवड्यात आपण शेतात पाहिली. त्यातल्या पहिल्या दोन बहिणी आज चुलीवर येतात. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर मका आणि शेंगांचे दाणे एकत्र शिजवून होणारा हा पदार्थ म्हणजे सकोटॅश. आज तो अमेरिकेत मुख्य जेवणासोबतची भाजी म्हणून वाढतात. मुळात मात्र तेच जेवण होतं.

हे नाव आजच्या ऱ्होड आयलंड भागातल्या नॅरागॅन्सेट लोकांकडून आलं. त्यांच्यात राहून त्यांची भाषा शिकलेल्या रॉजर विल्यम्सने 1643 साली छापलेल्या पुस्तकात ते नोंदवलं आहे. त्या काळचा मका आजच्यासारखा गोड नव्हता. कडक दाण्याचा, वाळवून वर्षभर टिकणारा तो फ्लिंट मका होता. सोबतचे दाणे राजम्याच्या कुळातले, आणि त्यात हाती असेल ते मांस किंवा मासे पडत. आता सकोटॅश म्हटलं की लिमा बीन आलंच असं मानतात, पण न्यू इंग्लंडच्या थंड, आखूड उन्हाळ्यात लिमाचा वेल नीट पिकत नाही. त्याला ऊब लागते. त्याचं मूळ दक्षिणेकडचं आहे. मोठ्या दाण्याचा लिमा अँडीज पर्वताच्या परिसरात आणि लहान दाण्याचा मध्य अमेरिकेच्या बाजूला, असा तो दोन ठिकाणी वेगवेगळा माणसाळला. पेरूच्या राजधानीचं नाव त्याला चिकटलं ते पुढे. सकोटॅशमध्ये त्याने जागा पटकावली ती डेलावेअर, व्हर्जिनिया अशा उबदार प्रदेशांत. तिथून खाली दक्षिणेकडे याच दाण्यांना बटर बीन म्हणतात आणि भाजीत टोमॅटो, भेंडीही घालतात.

न्यू इंग्लंडमधल्या प्लिमथ गावाने जुनी, जाड रीत जपली. 1769 साली तिथल्या ओल्ड कॉलनी क्लबने 22 डिसेंबरला पूर्वजांच्या स्मरणार्थ जेवण केलं. त्या पंगतीत सकोटॅश होतं, आणि त्या दिवशी ते खाण्याचा रिवाज पुढेही चालला. प्लिमथच्या सकोटॅशमध्ये वाळलेले दाणे, साल काढलेला मका, खारवलेलं गोमांस, कोंबडी, सलगम असं सगळं एकाच भांड्यात शिजतं. एका वाडग्यात पोट भरावं असा तो प्रकार आहे. उलट टोक पाहायचं तर फॅनी फार्मरच्या 1896 च्या बोस्टन पाकपुस्तकातली कृती पाहावी. उकडलेला मका, तेवढेच उकडलेले दाणे, लोणी आणि मीठ, बस. घरी करायला हीच वाट मला योग्य वाटते, कारण तिच्यात लपायला जागा नाही. कणीस चांगलं असेल आणि दाणा नीट शिजला असेल तर भाजी उत्तम होते. नसेल तर कुठलाही मसाला तिला सावरत नाही.

या जोडीमागे पोषणाचं कारणही पक्कं आहे. मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन कमी, शेंगांच्या दाण्यांत लायसिन भरपूर पण मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरा भरतो. आपल्या वरणभाताचं गणितही हेच.

आता करायला घेऊ. आपल्याकडे वाळलेला लिमा वाण्याकडे डबल बी म्हणून मिळतो. चार माणसांना एक वाटी डबल बी आणि तीन मोठी कणसं पुरतात.

डबल बी रात्री भरपूर पाण्यात, एक चमचा मीठ घालून भिजत टाका. भिजवण्याच्या पाण्यातलं मीठ साल मऊ करतं. मिठाने डाळ शिजत नाही ही समजूत इथे सोडून द्यावी. सकाळी ते पाणी ओतून टाका, नवं पाणी घाला आणि पातेल्यावर झाकण न ठेवता दहा मिनिटं खळखळून उकळा. लिमात लिनामरिन नावाचं द्रव्य असतं, कच्च्या दाण्यात ते फुटून सायनाइड सुटतं. बाजारातल्या पांढऱ्या, लागवडीच्या जातींत त्याचं प्रमाण कमी असतं, जंगली आणि रंगीत जातींत जास्त. कुठलाही असो, दाणा कच्चा चावून पाहू नये आणि उकळलेलं पाणी एकदा बदलावं. नंतर ताज्या पाण्यात मंद आचेवर शिजवा. दाण्याच्या वयानुसार पाऊण तास ते तास लागतो. कुकरमध्ये काम लवकर होतं, पण सालं सुटतात, दाणा फुटतो आणि भाजीचा लगदा होतो, म्हणून या पदार्थापुरतं पातेलंच वापरावं. दाणा बोटचेपा झाला पाहिजे, आतून पिठूळ आणि बाहेरून अखंड. टोमॅटो किंवा लिंबू घालायचं मनात असेल तर ते अगदी शेवटी. आंबट आधी पडलं तर दाणा शिजायचं नाव घेत नाही.

तोवर कणसं. दाणे सुरीने कापून घ्या, फार खोल नको, नाहीतर बुडाचा चिवट भाग येतो. मग सुरीची पाठ उरलेल्या कणसावरून वरून खाली जोर देऊन ओढा. दाण्यांच्या बुडाशी राहिलेलं पांढरं दूध वाटीत उतरतं. ते टाकू नका, या भाजीचा दाटपणा त्यातच आहे. त्यातल्या पिठाने रस्सा मिळून येतो, मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लागत नाही. रिकामी कणसंही मोडून दोन वाट्या पाण्यात वीस मिनिटं उकळा. ते पाणी गोडसर, मक्याच्या वासाचं होतं. पाकिटातले सोललेले दाणे आणले तर या दोन्ही गोष्टी हातच्या जातात, म्हणून निदान एकदा तरी अख्खी कणसं आणून करावं.

आता जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे लोणी, त्यावर बारीक चिरलेला एक कांदा. तो नुसता पारदर्शक होऊ द्या, लाल नको. मक्याचे दाणे घालून दोन मिनिटं परता, मग शिजलेली डबल बी, अर्धी वाटी कणसाचं पाणी आणि काढून ठेवलेलं दूध घाला. पाच मिनिटं हलक्या हाताने ढवळत राहा. मीठ, ताजी कुटलेली मिरी. हवी तर पाव वाटी साय. मोहरी-हिंगाची फोडणी देण्याचा मोह होईल, पण ती मक्याचा गोडवा झाकते. पहिल्यांदा तरी ती न देता चाखा.

मका आणि दाणा शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत वेगळे ठेवायचे, हे सर्वांत महत्त्वाचं. कोवळ्या मक्याला पाच-सात मिनिटं, वाळलेल्या लिमाला तास. दोघांना एकत्र चढवलं तर एक चामट होतो किंवा दुसरा कच्चा राहतो. अमेरिकेत डब्यातल्या आणि गोठवलेल्या सकोटॅशने एका पिढीचं मन या पदार्थावरून उडवलं, त्यात या चुकीचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. 1930 च्या दशकातल्या मंदीत तो स्वस्त आणि पोटभरीचा म्हणून घरोघरी गेला, आणि मऊ पडलेले, चव हरवलेले दाणे मुलांच्या ताटात राहू लागले. दोष पदार्थाचा नव्हता.

कणसाबद्दल आणखी थोडं. गोड मक्याच्या जुन्या जातींत तोडल्याबरोबर साखरेचं पीठ होऊ लागतं, म्हणून अमेरिकेत आधी पाणी उकळत ठेवून मग शेतात जाण्याचा सल्ला देत. नव्या अतिगोड जातींत ही साखर बरीच टिकते, पण दूध कमी आणि पातळ निघतं. पावसाळ्यात आपल्याकडे गावरान पांढरं कणीस येतं, त्याचा दाणा कमी गोड आणि जास्त पिठूळ असतो. नॅरागॅन्सेटांच्या मक्याच्या जवळ जाणारा तोच. तो घेतलात तर पंधरा-वीस मिनिटं जास्त शिजवा आणि साय वगळा. रस्सा आपोआप दाट होईल. डबल बी मिळाली नाही तर हिवाळ्यात ताजे पावटे सोलून घालता येतात. वनस्पती वेगळी आहे, चवीला किंचित कडसर छटा येते, ती लोण्यात छान जमते.

अमेरिकेत असलेल्या वाचकांचं काम सोपं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेतकरी बाजारात ताज्या लिमाच्या शेंगा आणि कणसं एकदमच येतात. ताजा दाणा भिजवावा लागत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो आणि हिरवा राहतो. हे सकोटॅश गरमच वाढा, सोबत भाजलेला मासा किंवा नुसती भाकरी. उरलं तर दुसऱ्या दिवशी थोडं पाणी घालून मंद आचेवर गरम करा, रात्रभरात ते आळून घट्ट होतं.

पुढच्या आठवड्यात तिसरी बहीण, भोपळा : त्याच्या बिया, फुलं आणि वाळवून ठेवलेल्या चकत्या.