नाव, आडनाव आणि मधला सांधा

बारसं आठवड्यावर आलं की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावांचा पाऊस सुरू होतो. मावशी अर्थ तपासते, आत्याला 'कुणाचंच नसलेलं' नाव हवं असतं, आजोबा पत्रिकेतलं अक्षर सांगून मोकळे होतात. आडनावाकडे मात्र कुणी बघत नाही, कारण ते ठरलेलंच असतं. ठरलेलं असतं म्हणूनच सुरुवात तिथून करावी.

नाव कानाला खटकतं ते बहुतेक वेळा एकाच जागी, नाव संपून आडनाव सुरू होतं तिथे. 'अमोल' म्हणताना आपण शेवटच्या ल-मधला अ उच्चारत नाही. पुढे 'लेले' आलं की दोन्ही ल एकमेकांना चिकटतात आणि ऐकणाऱ्याला 'अमोल्लेले' असा एकच लांबलचक शब्द ऐकू येतो. मनन नेने, मानस साने, यश शहा ही त्याच जातीची नावं. 'ओम मोरे' तर फोनवर चक्क 'ओ मोरे' अशी हाक वाटते. नाव स्वरावर संपत असेल आणि आडनाव त्याच स्वराने सुरू होत असेल तरी तेच होतं. रमा आपटे घाईत 'रमापटे' होते. स्वर वेगळे असले की अडचण उरत नाही. किशोरी आमोणकर हे नाव म्हणून पाहा: ई आणि आ यांच्यामध्ये एक पुसटसा य आपोआप येतो आणि नाव पुढे सरकतं. सचिन तेंडुलकर म्हणताना न आणि त या दोन्हींसाठी जीभ दातांपाशीच असते, म्हणून ते इतकं सहज तोंडात बसतं. (शतकांचाही थोडा हातभार असेल.)

अक्षर एकच दिसलं म्हणजे उच्चार एकच असतो असंही नाही. 'जय जाधव' कागदावर ज-ला ज लागून दिसतं, पण जयमधला ज आणि जाधवमधला ज यांचे उच्चार आपण वेगळे करतो. म्हणून यादी डोळ्यांनी वाचू नये, मोठ्याने म्हणावी.

तरी हा नियम फार ताणण्यात अर्थ नाही. दिलीप प्रभावळकर या नावात प-वर प आदळतो. कुणाला कधी खटकलंय? अशोक केळकर या नावात क-ला क भिडतो, आणि ते नाव एका नामवंत भाषाशास्त्रज्ञाचं होतं. नाव आणि आडनाव दोन्ही 'कर'ने संपू नयेत असं काहीजण सांगतात. त्यांनी संगीतकार भास्कर चंदावरकर आणि फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर ही नावं म्हणून पाहावीत. मला तरी त्यात ठेकाच सापडतो.

मुळात मराठी पद्धतीत नाव आणि आडनाव शेजारी येतच नव्हती. मध्ये वडील असायचे. अशोक रामचंद्र केळकर म्हटलं की दोन क एकमेकांपासून लांब जातात. आपण बोलण्यातून आणि फेसबुकवरून मधलं नाव गाळलं आणि ही टक्कर ओढवून घेतली. नाव फारच लांब झालं तर आद्याक्षरांची सोयही आपल्याकडे होती. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचं 'पु. ल.' असंच झालं.

आता या रांगेत आणखी एक शब्द आला आहे. 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि मग आडनाव असा क्रम ठरवला आहे. आईचं नाव दाखल्यावर आलं, फार आधी यायला हवं होतं. पण त्यामुळे सांधे तीन झाले. बाळ विहान, आई नेहा, वडील अमोल, आडनाव लेले असेल तर 'विहान नेहा अमोल लेले' यातल्या दोन सांध्यांवर जीभ अडते. आई-वडिलांची नावं बदलता येत नाहीत, तेव्हा विहानचाच फेरविचार करावा लागेल.

शाळेच्या हजेरीत तर सगळं उलटं होतं. तिथे आडनाव आधी. 'रेवा मोरे' गोड आहे, पण हजेरीत तिचं 'मोरे रेवा' होतं आणि दोन रे ओळीने येतात. शाळेचा विचार निघालाच आहे तर अर्थाकडेही एकदा पाहावं. धवल काळे, मधुरा कडू, सत्यजित खोटे ही नावं ठेवताना घरात हशा पिकतो, पण मधल्या सुट्टीत तो हशा पोराला एकट्याला झेलावा लागतो. दुर्गा खोटे यांच्या आडनावाचा अर्थ कुणाच्या मनातही आला नाही, कारण 'दुर्गा' त्या अर्थाला डिवचत नाही, 'सत्यजित' डिवचतं.

उरलं नक्षत्राचं अक्षर. हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाला 'ण' येतो. त्यावरून नाव काढून दाखवा! यावर जुन्या लोकांनी केव्हाच तोड काढली आहे. पत्रिकेतलं नाव वेगळं, पाळण्यातलं वेगळं आणि हाक मारायचं आणखी वेगळं. तेव्हा ग्रहांचं अक्षर पत्रिकेतल्या नावात भागवावं आणि दाखल्यावरचं नाव आडनावाशी जुळवून घ्यावं. त्याची घाईही नसते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव पुढे 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. एवढ्या काळात बाळाला लसीसाठी दवाखान्यात चार-पाच वेळा तरी न्यावं लागतं. फाइलवर 'बेबी ऑफ' असेल तिथे मनात धरलेलं नाव लिहायला सांगा, आणि काउंटरवरची बाई ते गर्दीत पहिल्यांदा पुकारेल तेव्हा तिला दुसऱ्यांदा पुकारावं लागतं का, ते ऐका.