संशयाला रंग असतो का?

न्यूयॉर्कमधील 'अडवा आणि झडती घ्या' धोरणाच्या निमित्ताने अमेरिकेतील वर्ण, गुन्हेगारी आणि पोलिस या वादाचा वेध

विशेष प्रतिनिधी

४ फेब्रुवारी १९९९ ची मध्यरात्र उलटून गेली होती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात एका इमारतीच्या दारात अमादू डियालो हा २३ वर्षांचा तरुण उभा होता. पश्चिम आफ्रिकेतील गिनी या देशातून आलेला हा तरुण फुटपाथवर किरकोळ वस्तू विकून पोट भरत असे. एका बलात्काऱ्याच्या शोधात फिरणाऱ्या चार साध्या वेशातील पोलिसांना त्याचा संशय आला. त्यांनी हटकताच त्याने खिशात हात घातला. तो पिस्तूल काढत असल्याचे समजून पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. त्यांतील १९ त्याला लागल्या. त्याच्या हातात निघाले ते पैशाचे पाकीट. पुढच्या वर्षी ज्युरीने चौघाही पोलिसांना निर्दोष ठरविले.

या घटनेने न्यूयॉर्कला एक प्रश्न विचारला आणि तो आजही मिटलेला नाही. पोलिसाला संशय येतो म्हणजे नेमके काय होते? माणसाच्या हालचालींवरून तो येतो, की कातडीच्या रंगावरून? २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड याचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाल्यावर हा वाद जगभर पोहोचला. मात्र त्याची मुळे पाहायची तर न्यूयॉर्कच्या रस्त्यांकडेच वळावे लागते, कारण तेथे या वादाचा बराचसा भाग न्यायालयात, आकडेवारीच्या आधारे लढला गेला.

कायद्याने दिलेली मुभा

अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौथी दुरुस्ती नागरिकाला अवाजवी झडतीपासून संरक्षण देते. अटक वा झडतीसाठी गुन्हा घडल्याचे सबळ कारण असावे, हा सर्वसाधारण दंडक. त्याला महत्त्वाचा अपवाद मिळाला तो १९६८ मध्ये, 'टेरी विरुद्ध ओहायो' या खटल्यात.

१९६३ मध्ये क्लीव्हलँड शहरात एका अनुभवी गुप्त पोलिसाने दोन कृष्णवर्णीयांना एका दुकानासमोर पुन:पुन्हा घिरट्या घालताना पाहिले. हे दरोड्याची टेहळणी करीत असावेत, या तर्काने त्याने त्यांना व त्यांना येऊन मिळालेल्या तिसऱ्या इसमाला अडवून वरवर चाचपले. दोघांकडे पिस्तुले सापडली. सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने ही कृती वैध ठरविली. गुन्ह्याचा 'वाजवी संशय' असेल तर पोलिस एखाद्याला थोडा वेळ थांबवू शकतो आणि त्याच्याजवळ शस्त्र असल्याचे वाटण्यास कारण असेल तर कपड्यांवरून चाचपू शकतो, असा नियम त्यातून रूढ झाला. अल्पसंख्याक समाजांना, विशेषत: कृष्णवर्णीयांना पोलिसांकडून होणाऱ्या जाचाच्या तक्रारींची दखल सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी त्या निकालपत्रातच घेतली होती. एकमेव विरोधी न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी तर हे पाऊल हुकूमशाहीच्या वाटेवरचे असल्याचा इशारा दिला होता.

'वाजवी संशय' हे दोन शब्द लवचिक आहेत. ते किती ताणायचे, हे रस्त्यावरचा पोलिस ठरवितो. पुढची सारी कहाणी या ताणण्याची आहे.

फुटक्या काचेचा सिद्धांत

१९९० मध्ये न्यूयॉर्क शहरात एका वर्षात २,२०० हून अधिक खून झाले. भुयारी रेल्वेने रात्री प्रवास करणे हे धाडस मानले जाई. अशा वातावरणात जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ मध्ये मांडलेला 'फुटक्या काचेचा सिद्धांत' पोलिसांना आकर्षक वाटला नसता तरच नवल. इमारतीची एक फुटलेली काच तशीच राहू दिली तर लवकरच साऱ्या काचा फुटतात. तद्वत किरकोळ बेशिस्तीकडे काणाडोळा केला तर मोठ्या गुन्ह्यांना आमंत्रण मिळते, असे या सिद्धांताचे सार. १९९४ मध्ये महापौर झालेले रुडी जुलियानी आणि त्यांचे पोलिस आयुक्त विल्यम ब्रॅटन यांनी त्यावर भर दिला. कोणत्या चौकात किती गुन्हे घडले, याचा संगणकीय हिशेब ठेवून ठाणेप्रमुखांना जाब विचारणारी 'कॉम्पस्टॅट' पद्धतही तेव्हाच सुरू झाली.

गुन्हे झपाट्याने घटले, हे निर्विवाद आहे. श्रेय कोणाला, हा मात्र वादाचा विषय. कारण त्याच काळात ज्या शहरांनी अशी धोरणे राबविली नाहीत, तेथेही गुन्हे घटले. क्रॅक कोकेनची लाट ओसरणे, सुधारलेली अर्थव्यवस्था, वाढलेले पोलिसबळ अशी अनेक कारणे अभ्यासक देतात.

महापौर मायकेल ब्लूमबर्ग आणि आयुक्त रेमंड केली यांच्या काळात झडतीसत्राने कळस गाठला. २००२ मध्ये पोलिसांनी नोंदविलेल्या अडवणुकी ९७ हजारांच्या घरात होत्या. २०११ मध्ये हा आकडा ६ लाख ८५ हजार ७२४ वर गेला. पोलिसांची कामगिरी अडवणुकीच्या संख्येवर जोखली जाऊ लागली. आकडा मागणाऱ्या व्यवस्थेला आकडा मिळतो. त्यामागे संशय होता की नाही, हे कागदावर सिद्ध करणे तेवढे उरते.

कागद काय बोलले?

प्रत्येक अडवणुकीनंतर पोलिसाला एक अर्ज भरावा लागे. संशयाच्या कारणांपुढे केवळ खुणा करायच्या असत. 'चोरट्या हालचाली' या कारणापुढे सुमारे ४२ टक्के अर्जांत खूण होती, तर 'गुन्हेगारीग्रस्त भाग' या कारणापुढे निम्म्याहून अधिक अर्जांत. कोणत्या गुन्ह्याचा संशय आला, हे न लिहिलेल्या अर्जांचे प्रमाण २००४ मध्ये एक टक्का होते. २००९ पर्यंत ते ३६ टक्क्यांवर पोहोचले.

हेच अर्ज पुढे 'फ्लॉइड विरुद्ध न्यूयॉर्क शहर' या खटल्यात मुख्य पुरावा ठरले. (या खटल्यातील वादी आणि मिनियापोलिसचा जॉर्ज फ्लॉइड यांत नामसाम्यापलीकडे संबंध नाही.) जानेवारी २००४ ते जून २०१२ या काळातील ४४ लाख अडवणुकी न्यायालयापुढे मांडल्या गेल्या. त्यांतील ८८ टक्के लोकांना ना अटक झाली, ना समन्स. निम्म्याहून अधिक वेळा अंगझडती झाली. पण झडती घेतलेल्यांपैकी केवळ दीड टक्का लोकांकडे शस्त्र मिळाले. अडविलेल्यांत ५२ टक्के कृष्णवर्णीय, ३१ टक्के हिस्पॅनिक आणि १० टक्के गौरवर्णीय होते. २०१० च्या लोकसंख्येत हे प्रमाण अनुक्रमे २३, २९ आणि ३३ टक्के होते.

तुलना कशाशी करायची?

येथे वादाचा खरा गाभा लागतो. लोकसंख्येतील वाट्याहून एखाद्या समाजाची अडवणूक अधिक झाली, एवढ्याने भेदभाव सिद्ध होतो का? शहराचे उत्तर होते, नाही. हिंसक गुन्ह्यांत बळी व साक्षीदार जे वर्णन देतात त्यांत कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक संशयितांचे प्रमाण फार मोठे आहे, तेव्हा तुलना त्या आकड्यांशी करा, लोकसंख्येशी नव्हे. हेदर मॅक डोनाल्ड यांच्यासारख्या भाष्यकारांनी हाच मुद्दा हिरिरीने मांडला आहे. पोलिस गुन्ह्याच्या मागे जातात. गुन्हा जेथे आहे तेथे ते दिसणारच, असे त्यांचे म्हणणे.

न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी १२ ऑगस्ट २०१३ रोजी दिलेल्या निकालात हा युक्तिवाद फेटाळला. अडविलेले लोक खरोखर गुन्हेगार असते तर गुन्हेगारांशी तुलना योग्य ठरली असती. पण दहातील जवळजवळ नऊ जणांवर कसलीही कारवाई झाली नाही. निरपराध लोकांची तुलना त्या वस्तीत राहणाऱ्या लोकांशीच व्हायला हवी, असे त्यांनी म्हटले. एखाद्या समाजातील काही जण गुन्हे करतात म्हणून त्या समाजातील प्रत्येकाला संशयित मानता येणार नाही, हा या तर्काचा नैतिक आशय.

दुसरी कसोटी अधिक सोपी आहे. अडविलेल्या दर शंभर जणांमागे शस्त्र किती जणांकडे सापडले? कृष्णवर्णीयांत १, हिस्पॅनिकांत १.१ आणि गौरवर्णीयांत १.४. म्हणजे गौरवर्णीयाला अडविताना पोलिसाचा संशय तुलनेने भक्कम असे. कृष्णवर्णीयाला अडवायला कमी कारणही पुरत असे.

आकड्यांची ही लढाई अन्यत्रही चालू आहे. हार्वर्डचे कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी २०१६ मध्ये दाखविले, की ढकलणे, बेड्या ठोकणे यांसारख्या बळाच्या वापरात वर्णभेद स्पष्ट दिसतो. मात्र त्यांनी तपासलेल्या ह्यूस्टनच्या नोंदींत गोळीबारात तो आढळत नाही. त्यावर आक्षेप आला तो असा : मुळात पोलिसांनी अडविलेल्यांचीच नोंद होते. अडविण्यातच भेदभाव असेल तर नंतरच्या तुलनेत तो झाकला जातो. चाळणीतच दोष असेल तर चाळून आलेल्या धान्यावरून शेताचा अंदाज कसा बांधायचा?

झडत्या घटल्या, पुढे काय झाले?

शाइंडलिन यांनी धोरण राबविण्याची पद्धत घटनाबाह्य ठरविली आणि सुधारणांवर देखरेखीसाठी स्वतंत्र निरीक्षक नेमला. झडतीची मुभा मात्र त्यांनी रद्द केली नाही. ब्लूमबर्ग प्रशासनाने अपील केले. अपिली न्यायालयाने निकालाला स्थगिती देत त्यांना या खटल्यावरून दूरही केले. परंतु जानेवारी २०१४ मध्ये सत्तेवर आलेल्या बिल डी ब्लासिओ यांनी अपील मागे घेण्याचा मार्ग धरला.

झडत्या थांबल्या तर रस्त्यांवर रक्त सांडेल, असा इशारा तेव्हा दिला जात होता. प्रत्यक्षात २०१७ मध्ये नोंदविलेल्या अडवणुकी १२ हजारांहून कमी झाल्या, आणि त्या वर्षी खुनांची संख्या २९२ पर्यंत उतरली. २०११ मध्ये ती पाचशेहून अधिक होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या उंबरठ्यावर असताना, ब्लूमबर्ग यांनी ब्रुकलिनमधील एका कृष्णवर्णीय चर्चमध्ये जाऊन आपली चूक झाल्याची कबुली दिली. अर्थात, कबुलीची वेळ पाहता तिच्या प्रामाणिकपणावर शंका घेणारेही होतेच.

नाण्याची दुसरी बाजू

मात्र येथेच थांबले तर चित्र अपुरे राहील. अमेरिकेच्या लोकसंख्येत सुमारे १३ टक्के असलेल्या कृष्णवर्णीयांचे खुनाच्या बळींतील प्रमाण निम्म्याच्या आसपास आहे. गुन्हेगारीची सर्वांत मोठी किंमत हाच समाज मोजतो. देशातील अनेक खुनांचा छडा लागत नाही. पत्रकार जिल लिओवी यांनी लॉस एंजेलिसमधील खुनांचा मागोवा घेताना हीच विसंगती दाखविली : क्षुल्लक कारणासाठी पोलिस सदैव दारात, आणि मुलगा मारला गेला तर मात्र मारेकरी मोकाट.

कठोर कायद्यांची मागणी केवळ गौरवर्णीयांनी केली, हाही गैरसमज आहे. जेम्स फोरमन यांनी पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या आपल्या ग्रंथात वॉशिंग्टन शहराचा इतिहास मांडला आहे. अमली पदार्थ आणि बंदुकांनी पोळलेल्या वस्त्यांतील कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींनीच तेथे अनेकदा कडक शिक्षांचा आग्रह धरला. त्यांना शाळा, रोजगार आणि उपचारही हवे होते. पदरात पडले ते प्रामुख्याने तुरुंग.

जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर 'पोलिसांचा निधी कापा' ही घोषणा गाजली. पण त्याच उन्हाळ्यात गॅलपने घेतलेल्या पाहणीत ८१ टक्के कृष्णवर्णीयांनी आपल्या वस्तीत पोलिसांचा वावर आहे तेवढाच राहावा किंवा वाढावा, असे सांगितले. त्या वर्षी देशातील खुनांचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, आणि २०२१ मध्ये खुद्द मिनियापोलिसच्या मतदारांनी पोलिस खात्याच्या जागी नवे खाते आणण्याचा प्रस्ताव फेटाळला. पुढील काही वर्षांत खुनांचे प्रमाण पुन्हा उतरले. वस्त्यांना पोलिस नको आहेत असे नाही. आपल्याकडे नागरिक म्हणून पाहणारे पोलिस हवे आहेत.

मुंबईपर्यंत पोहोचलेला धागा

या वादाचा एक धागा महाराष्ट्राशीही जुळतो. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी 'ब्लॅक पँथर' संघटना उभारली. पोलिसांच्या गाड्यांमागे फिरून त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणे, हा तिचा सुरुवातीचा मुख्य कार्यक्रम होता. तिच्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' जन्माला आली. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांना ओकलंडच्या रस्त्यावरील अपमान ओळखीचा वाटला होता.

प्रश्न कायम

न्यूयॉर्कमध्ये वर्तुळ पुन्हा फिरले. २०२२ मध्ये महापौर झालेले माजी पोलिस अधिकारी एरिक अॅडम्स यांनी बंदुकांविरोधात विशेष पथके पुन्हा रस्त्यावर आणली. न्यायालयीन निरीक्षकांनी २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, या पथकांनी केलेल्या अडवणुकींपैकी सुमारे एक चतुर्थांश बेकायदा होत्या. पोलिसांनी चौकशीसाठी थांबविलेल्यांची अधिक व्यापक नोंद ठेवावी, असा कायदा नगर परिषदेने केला. अॅडम्स यांनी नकाराधिकार वापरला. जानेवारी २०२४ च्या अखेरीस परिषदेने तो निष्प्रभ केला.

त्या मतदानाच्या काही दिवस आधी एका नगरसेवकाची मोटार पोलिसांनी अडविली. आपल्याला का अडविले, याचे कारण दिले गेले नाही, अशी त्यांची तक्रार होती. नगरसेवकाचे नाव युसेफ सलाम. १९८९ मध्ये सेंट्रल पार्कमधील बलात्कार प्रकरणात चुकीने दोषी ठरलेल्या आणि २००२ मध्ये निर्दोष ठरलेल्या पाच मुलांपैकी ते एक. तुरुंगात गेलेला तो मुलगा नगरसेवक झाला होता. 'मला का थांबवले?' हा प्रश्न मात्र तोच राहिला होता. नव्या कायद्याने या प्रश्नाचे उत्तर दरवेळी मिळेलच असे नाही. पण पोलिसाला ते निदान कागदावर लिहावे लागेल, आणि न्यूयॉर्कचा इतिहास पाहता, अशा कागदांनीच एकदा न्यायालयात सत्य सांगितले होते.