दीडशे रुपयांचा छंद

गेल्या भाऊबीजेला माहेरी गेले, तेव्हा वहिनीनं एक कापडी पिशवी हातात ठेवली. "ताई, माळा साफ केला. हे तुमचं असेल तर बघा, नाहीतर रद्दीत घालते." पिशवीत निळ्या रेक्झिनचा जुना अल्बम होता. टपाल तिकिटांचा! पहिल्या पानावर दादाचं नाव, इयत्ता, तुकडी, शाळा, सगळं वळणदार अक्षरात.

पण खरं सांगू? त्यातलं जवळजवळ प्रत्येक तिकीट मी भिजवलेलं होतं. बाबा ऑफिसातून पाकिटं आणायचे. दादाला मिरवायला आवडायचं आणि मला बशीत पाणी घेऊन बसायला. अंड्यातून बाहेर येणारं पिल्लू असलेलं २५ पैशांचं तिकीट, रबराच्या झाडाचा चीक काढतानाचं पाच रुपयांचं तिकीट, 'मग्यार पोस्टा' लिहिलेली रंगीबेरंगी परदेशी तिकिटं... मग्यार पोस्टा हा कुठला तरी राजा असणार, अशी कित्येक वर्षं माझी समजूत होती. ते हंगेरीचं टपालखातं, हे खूप उशिरा कळलं.

दादाला अल्बम दाखवला तर त्याला तो आठवेचना. मग हसून म्हणाला, "अगं, काम सगळं तुझंच होतं. नाव तेवढं माझं!" सहज बोलला बिचारा. पण बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि ते वाक्य घरापर्यंत सोबत आलं.

"विकलं तर किती येतील?"

घरी अल्बम बघून आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न हाच. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तोच होता. लेकाकडे पुण्याला गेले, तेव्हा तिकिटांचा व्यवहार करणाऱ्या एका दुकानदाराकडे अल्बम घेऊन गेले. त्यांनी शांतपणे सगळी पानं उलटली आणि म्हणाले, "ताई, चारशे रुपये. तेही तुम्ही इतक्या लांबून आलात म्हणून."

माझा चेहरा पडलेला बघून त्यांनी समजावलं. जुनं म्हणजे महाग, असं नसतं. जगातलं पहिलं टपाल तिकीट म्हणजे इंग्लंडचं 'पेनी ब्लॅक', १८४० सालचं. पण ते सुमारे ६ कोटी ८० लाख छापले गेले, त्यामुळे आजही बाजारात मिळतं. किंमत ठरते ती किती शिल्लक आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत आणि किती जणांना हवी आहेत त्यावर. माझी ती हंगेरी-पोलंडची सुंदर तिकिटं तर कधी पत्रावर चिकटलीच नव्हती. संग्राहकांना विकण्यासाठीच छापून, छापखान्यातून शिक्का मारूनच बाहेर पडलेली! शिक्का असूनही मागचा डिंक जसाच्या तसा होता. लहानपणी हे कसं लक्षात आलं नाही?

परत येताना थोडं वाईट वाटलं, पण एक ओझंही उतरलं. विकायचा प्रश्नच मिटला. आता उरला फक्त छंद.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. याच सुमारास आमच्या शेजारणीच्या मोबाइलवर निरोप आला, की ट्रॅक्टरचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळतील, फक्त आधी नोंदणीची फी भरा. ती भरायला निघाली होती! जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली अशी फी आणि कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्येच जाहीर केलंय. विकत घेणारा आधी आपल्याकडूनच पैसे मागत असेल, तर तो गिऱ्हाईक नव्हे, हे पक्कं ध्यानात ठेवा. तिकिटांनाही तोच नियम.

पैसे आणायचे कुठून?

मैत्रिणींनो, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. पहिल्या महिन्यापासून मी घरखर्चाची वही लिहिते. दूध, किराणा, फी, सासूबाईंची औषधं, ह्यांच्या गाडीचं पेट्रोल. त्या रात्री सहज मागच्या वह्या चाळल्या. माझ्या नावापुढे साडी होती, चष्मा होता, दवाखाना होता. पण निव्वळ हौस म्हणून, कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं असं एकही खर्चाचं कलम अठ्ठावीस वर्षांत नव्हतं. कुणी अडवलं होतं का? तसंही नाही. मीच कधी लिहिलं नव्हतं.

फॉल-पिकोच्या कामाचे माझे थोडे पैसे येतात. त्यातले महिन्याला दीडशे रुपये बाजूला काढायचे ठरवले. त्याच्या वर एक रुपया नाही. पहिल्या दोन महिन्यांच्या तीनशे रुपयांत तिकिटं ठेवायचं एक लहान स्टॉकबुक आणि चपट्या टोकाचा चिमटा आला. (भुवया कोरायचा टोकदार चिमटा वापरू नका, तिकिटाला भोक पडतं.) पुढच्या दोन महिन्यांत पोस्टात दोनशे रुपये भरून खातं उघडलं आणि उरलेल्या शंभरात त्याच पुण्याच्या दुकानदारांकडून वापरलेल्या तिकिटांचं एक पाकीट मागवलं.

पोस्टातलं हे खातं फार कमी जणींना माहीत असतं. त्याला फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट म्हणतात. किमान २०० रुपये भरायचे आणि आपल्याला कोणती व किती तिकिटं हवीत ते सांगायचं. नवीन तिकीट निघालं, की छापील किमतीतच घरपोच येतं आणि तेवढे पैसे खात्यातून वजा होतात. आपल्या जवळच्या हेड पोस्ट ऑफिसात चौकशी करा. मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजीला यासाठी पोस्टाचे खास फिलाटेलिक ब्युरोही आहेत. घरात सहावी ते नववीतलं मूल असेल तर 'दीनदयाळ स्पर्श' योजनेबद्दलही विचारा. तिकिटांचा छंद जोपासणाऱ्या मुलांसाठी २०१७ साली सुरू झालेली ही वर्षाला सहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती आहे.

फुकटची तिकिटंही मिळतात, फक्त विचारायची लाज सोडायची! पतसंस्था, शाळेचं ऑफिस, वकिलांचं ऑफिस, अशा ठिकाणी मी सांगून ठेवलंय. आता पत्रं कमी झाली, पाकिटांवर तिकिटांऐवजी छापील पट्टी आली, आणि रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. तरी महिन्याला आठ-दहा तिकिटं जमतात.

भिजवताना, वाळवताना

तिकीट कधी ओढून काढू नका. कडेनं बोटभर कागद ठेवून कापायचं आणि साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं. आपोआप सुटून येतं. रंगीत पाकिटाचा तुकडा वेगळ्या वाटीत भिजवा, नाहीतर सगळ्यांना गुलाबी रंग लागतो. मग स्वच्छ टीपकागदावर चित्राची बाजू खाली करून वाळवायचं आणि जाड पुस्तकाखाली रात्रभर दाबायचं. वर्तमानपत्रावर वाळवू नका, शाई उतरते.

वापरलेलं तिकीटच भिजवायचं, कोरं नाही. कोऱ्या तिकिटाचा मागचा डिंक गेला की त्याची किंमतही जाते. अल्बममध्ये चिकटवायला खळ किंवा गोंद अजिबात नको. पावसाळ्यात तर फार जपावं लागतं. दमट हवेनं तिकिटं एकमेकांना चिकटतात, तपकिरी डाग पडतात. अल्बम आडवे एकावर एक न रचता उभे ठेवावेत, आणि ऊन पडलं की थोडा वेळ घरातच, सावलीत, पानं उघडून हवा द्यावी.

आणि एक कळकळीची विनंती. घरात जुनं पत्र सापडलं, तर त्यावरचं तिकीट कापू नका. पाकिटावरचा गावाचा शिक्का, तारीख, पत्ता यामुळे अख्खं पाकीट सुट्या तिकिटापेक्षा जास्त मोलाचं असू शकतं. पण मी पैशांसाठी सांगत नाहीये. लहानपणी आजीची आईला पत्रं यायची. मी तिकिटं कापून घेतली आणि पाकिटं, पत्रं बंबात गेली. आई काही बोलली नव्हती. त्यातली तीन तिकिटं आजही अल्बममध्ये आहेत. आजीच्या हातचं एक अक्षरही घरात नाही. आज कुणी ते पत्र परत देणार असेल, तर मी सबंध अल्बम देऊन टाकीन.

थोडक्यात मोठी मजा

पैसे थोडे असले की एक फार चांगली गोष्ट होते. निवड करावी लागते. सगळ्या जगाची तिकिटं जमवणं आपल्याला परवडत नाही. मग एकच विषय धरायचा. कुणी पक्षी घेतं, कुणी रेल्वे, कुणी संत. मी घेतला विषय बायकांचा.

स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं. साडेतीन आण्यांचं, त्यावर तिरंगा आणि 'जय हिंद'. १९५२ साली संत-कवींची सहा तिकिटं निघाली, त्यांत दोन आण्यांच्या तिकिटावर मीराबाई आली. १९५७ मध्ये घोड्यावर स्वार झालेली झाशीची राणी, १५ नव्या पैशांची. १९६२ मध्ये जन्मशताब्दीला सेवासदनच्या रमाबाई रानडे. १९८९ मध्ये पंडिता रमाबाई, १९९६ मध्ये अहिल्याबाई होळकर. आणि १० मार्च १९९८ ला, त्यांच्या स्मृतिदिनी, सावित्रीबाई फुले. जोतीरावांचं तिकीट १९७७ साली निघालं होतं. ज्या सावित्रीबाईंनी त्यांच्या बरोबरीनं शाळा चालवली, शेणगोळे झेलले, त्यांना पुढे एकवीस वर्षं थांबावं लागलं! तिकिटं शेजारी शेजारी लावली आणि हे डोळ्यांना दिसलं. पुस्तकात वाचताना कधी जाणवलं नव्हतं.

माझ्या या पानावर एक पुरुषही आहे, महर्षी कर्वे. १८ एप्रिल १९५८ ला त्यांना शंभर वर्षं पूर्ण झाली, त्या दिवशी हे तिकीट निघालं. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर हयातीत झळकलेले ते पहिले गृहस्थ. विधवांसाठी आश्रम आणि बायकांसाठी विद्यापीठ काढणाऱ्याला बायकांच्या पानावर जागा द्यायला काय हरकत आहे?

यातली बरीच तिकिटं वापरलेल्या अवस्थेत घेतली, तर भाजीच्या एका जुडीच्या भावात मिळतात. शिक्का बसलेलं तिकीट मला तर जास्त आवडतं. ते कुणाचा तरी निरोप घेऊन गेलेलं असतं. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलं गेलं, कुठल्या तरी गावाला पोचलं आणि फिरत फिरत माझ्या बशीत आलं.

सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "कागदाचे तुकडे जपून काय मिळणार?" आता दुपारी भिंग घेऊन शेजारी बसतात. परवा अहिल्याबाईंचं तिकीट त्यांनीच ओळखलं. ह्यांचं अजून "किती झाले?" चालू असतं. चालू दे.

मागच्या महिन्यात पोस्टमन दारात आला आणि त्यानं माझं नाव घेतलं. पोस्टाच्या खात्याचं पाकीट होतं. आमच्याकडे पत्रिका येतात त्या ह्यांच्या नावानं, खाली 'सहकुटुंब'. विजेचं बिल सासऱ्यांच्या नावानं. या पाकिटावर फक्त माझं नाव होतं. मी ते लगेच फोडलं नाही. थोडा वेळ तसंच टेबलावर ठेवलं.

रात्री नेहमीसारखी वही घेतली. दूध, किराणा, गॅस लिहून झालं. शेवटच्या ओळीत लिहिलं, 'तिकिटं – १५० – माझं'.

तुमच्याही माळ्यावर एखादी पिशवी असेल. तिकिटं असतील, नाणी असतील, काडेपेट्यांचे छाप असतील. रद्दीवाला यायच्या आत एकदा उघडून बघा. आणि वहीत एक ओळ स्वतःसाठी सोडा.